स्पेक्ट्रममधला पीक (उंच टोक) नेमका कुठून येतो

डिजिटल सिग्नलमधलं सिम्बॉलचं टायमिंग शोधण्यावरचा लेख आवडला, पण एक मुद्दा राहून गेलाय असं वाटतं. सिग्नलचा एफएफटी (कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणारं गणित) घ्या की सिम्बॉल रेटला, म्हणजे सेकंदाला जितके सिम्बॉल (डेटाचे ठोके) पाठवले जातात त्या फ्रिक्वेन्सीला, पीक दिसेल असं त्यात लिहिलंय, तर तसं थेट दिसत नाही हो! डेटा रँडम असला आणि सरासरी शून्य असली तर स्पेक्ट्रम सलग येतो, त्यात सिम्बॉल रेटची रेषाच (म्हणजे तो पीक) नसते, मी पण सुरुवातीला ती शोधत बसलो होतो. आधी सॅम्पलच्या मॅग्निट्यूडचा वर्ग करायचा, मग एफएफटी, की रेषा वर येते. कारण प्रत्येक सिम्बॉल ज्या पल्सने पाठवतात तिचा स्पेक्ट्रम आणि सिम्बॉल रेटने सरकवलेली त्याचीच कॉपी एकमेकांवर जिथे चढतात तो भाग म्हणजे ही रेषा, आणि तो भाग रोलऑफवर (पल्सचा स्पेक्ट्रम किमान रुंदीपेक्षा किती जास्त पसरलाय त्यावर) ठरतो. रोलऑफ ०.३५ असेल तर छान दिसते, ०.०५ ला जेमतेम, शून्य केला तर गायबच.

आणि खरी गंमत त्या रेषेच्या फेजमध्ये आहे, फेजला २π ने भागून चिन्ह उलटं केलं की टायमिंग ऑफसेट (सॅम्पलची वेळ सिम्बॉलपासून किती सरकलीय ते) मिळतो, सिम्बॉलच्या कालावधीच्या अपूर्णांकात. ही ओर्डर आणि मायर यांची १९८८ ची पद्धत. यात सिम्बॉलला ४ सॅम्पल घेतले तर अख्खा एफएफटीसुद्धा नको, गुणक फक्त १, −जे, −१, जे (जे म्हणजे √−१) येतात, म्हणजे नुसती बेरीज वजाबाकी! हे मला अजूनही फार सुंदर वाटतं. गार्डनर या दुसऱ्या पद्धतीला सिम्बॉलला २ सॅम्पल पुरतात पण तिथे टायमिंग थोडं थोडं सुधारत नेणारा लूप लॉक (स्थिर) व्हायला वेळ जातो, छोट्या बर्स्टसाठी (थोडाच वेळ चालणाऱ्या सिग्नलसाठी) म्हणून वर्गवालीच बरी.