सर्वेक्षणाचं पुढे काय झालं?

समाजकार्य आणि आरोग्य संशोधन केंद्राच्या वर्षभराच्या कामाचा लेख वाचला. कार्यशाळा, शोधनिबंध, नवे करार, सगळं छान. पण ज्या वस्तीत सर्वेक्षण करून माहिती गोळा केली, तिथे परत जाऊन निष्कर्ष सांगितले का, याची एक ओळही नाही.

मी मुंबईतल्या गोवंडीत आरोग्यसेविका म्हणून बरीच वर्षं काढली. टीबीच्या गोळ्या किमान सहा महिने. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, की माणूस म्हणतो, झालो बरा! आणि गोळ्या सोडतो. एक बाई तर गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायची, सासूला कळू नये म्हणून. कुठल्याच प्रश्नावलीत तिने हे सांगितलं नसतं. मला सांगितलं, तेही चौथ्या खेपेला, जरीचं काम करता करता. सरकारची पोषण आहाराची मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० रुपयांची १००० रुपये झाली, पण ती बँक खात्यात येते. हिचं खातंच नव्हतं.

समाजकार्य शिकवणाऱ्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवातही १९३६ साली नागपाड्याला, वस्तीतच झाली होती. देवनारचं आवार नंतरचं. पुढच्या वर्षी केंद्राने एखादी बैठक आमच्या गल्लीत घ्यावी. चहा आमच्याकडून!