शालीच्या दशा

ठाण्यात थंडी पडते ती फार तर दहा दिवस. जानेवारीत पारा १६-१७ अंशांवर आला, की तलावपाळीला फेऱ्या मारणारे काका माकडटोपीत दिसू लागतात आणि येऊरच्या पायथ्याचे रहिवासी "आमच्याकडे दोन अंश कमीच असतं हं" असं नौपाड्यातल्या नातेवाइकांना फोन करून कळवतात. उरलेले ३५५ दिवस नुसता घाम. तरीही इथल्या प्रत्येक कपाटात वरच्या फळीवर शालींचा ढीग असतो, आणि त्यातली एकही वेळेला उपयोगी पडत नाही.

कारण साधं आहे. आपण शाल घेतो ती काश्मीरच्या थंडीसाठी आणि वापरतो एसी लोकलमध्ये. ठाणेकराची थंडी आभाळातून येत नाही, छतातल्या जाळीतून येते. स्टेशनचा जिना चढून पाठ भिजलेली असते, डब्यात शिरलं की मानेवर गार झोत. अशा वेळी शाल किती उबदार, हा प्रश्नच नाही. ती घामाचं काय करते, हा आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. घाम अंग आणि शाल यांच्यामध्ये अडकतो, एसीत गार होतो, आणि थंडी वाजू नये म्हणून पांघरलेली शालच हुडहुडी भरवते.

हे मनाशी पक्कं करून दुकानात जावं, तर गादीवरून पहिला शब्द येतो, "पश्मिना!" बाजारात हल्ली मऊ लागणारं काहीही पश्मिनाच असतं. खरी पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळीच्या अंगावरची आतली लव. जाडी १२ ते १६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. आपला केस साधारण ७०चा असतो. एका शालीला दोन-तीन शेळ्यांची वर्षभराची लव खर्ची पडते, मग ती हाताने काततात, हातमागावर विणतात. एवढा सगळा खटाटोप सहाशे रुपयांत, वर "मॅडम, दोन घेतल्या तर हजार" असा बसत असेल, तर त्या शेळ्यांनी तरी कुणाकडे बघावं? 'काश्मीर पश्मिना'ला २००८पासून भौगोलिक मानांकन आहे. त्याचं तपासणीचं लेबल मागितलं की दुकानदार एकदम "चहा घेणार का?" विचारतो.

मग अंगठी निघते. शाल अंगठीतून ओवून दाखवायची, हा या धंद्यातला जादूचा प्रयोग. पण अंगठीतून व्हिस्कोज जातं, मोडल जातं (दोन्ही लाकडाच्या लगद्यापासून केलेले धागे), रेशीमही जातं. शाल पातळ आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आणि कुणी आवाज खाली करून "शहातूश दाखवू?" म्हणालं, तर चपला घालून निघावं. ती तिबेटी चिरू हरणाला मारून काढलेली लोकर असते आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तिचा व्यापार गुन्हा आहे. कोठडीत पंखासुद्धा नीट नसतो, शाल काय कामाची?

आता हाताळणी. गिऱ्हाईक शाल तळहातावर चोळून "मऊ आहे हो" म्हणतं. आयुष्यभर पोळ्या लाटून आणि दुचाकीचा दांडा धरून राठ झालेल्या तळहाताला काय कळणार! शाल मानेला लावावी, कानाखाली, आणि मिनिटभर तशीच ठेवावी. तंतूचं टोक तीसेक मायक्रॉनहून जाड असलं की ते कातडीला टोचतं. आपली घोंगडी टोचते ती याच कारणाने. दख्खनी मेंढीची लोकर जाड, वर चिंचोक्याची खळ. तिचा तो गुणच आहे, पावसात डोक्यावरून घ्यायची वस्तू ती. ऑफिसच्या खुर्चीत गळ्याभोवती नव्हे. मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर १८-१९ मायक्रॉनची असते, ती टोचत नाही.

मग शालीचा कोपरा मुठीत दहा सेकंद घट्ट आवळून सोडावा. लोकर हळूहळू उलगडते. व्हिस्कोजवर सुरकुत्या तशाच राहतात, बोहल्यावरून उठलेल्या नवरदेवाच्या कुर्त्यासारख्या. उजेडासमोर धरली की ताणाबाणा दिसतो. कुठे दाट, कुठे विरळ असेल तर विरळ जागी बोट जाणार. तिरक्या रेघांची वीण असेल तर शाल अंगावर लोळते. साधी उभी-आडवी वीण त्याच वजनात थोडी ताठ राहते.

पण खरी गंमत दशांमध्ये, म्हणजे शालीच्या टोकाला लोंबणाऱ्या धाग्यांमध्ये असते. शालीची दशा कळायची तर तिच्या दशाच बघाव्यात. एक दशी चिमटीत धरून उलट पीळ द्यावा. पीळ सुटला की आतले तंतू मोकळे होतात. बोटभर लांबीचे, जरा नागमोडी, लवदार तंतू सुटे झाले आणि हलक्या ओढीने धागा आवाज न करता तुटला, तर लोकरीची शक्यता चांगली. सरळ, चकचकीत, दशीइतकेच लांब तंतू निघाले आणि तुटायचं नावच घेईनात, तर ते बहुधा पॉलिएस्टर. तंतू फारच आखूड, कापसाच्या पेळूसारखे पिसकटले, तर पहिल्या महिन्यातच जिथे पर्सचा पट्टा घासतो तिथे गोळे येणार. गोळे लोकरीलाही येतात, पण ते कालांतराने गळून पडतात. अ‍ॅक्रिलिक या कृत्रिम लोकरीचा धागा चिवट, त्याचे गोळे भाडेकरूसारखे हलत नाहीत.

ती दशी दुकानदाराला विचारून घरी आणावी आणि स्टीलच्या वाटीवर चिमट्यात धरून पेटवावी. जळक्या केसांचा वास, आच काढली की विझते, राख बोटाने चुरगळते: लोकर. कागदासारखी भुरुभुरू जळली: व्हिस्कोज किंवा सुती. वितळून काळा टणक मणी झाला: अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. रेशमालाही केसांचाच वास येतो, आणि मेरिनो की पश्मिना हे तर जाळून अजिबात कळत नाही. त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. तेव्हा वास आला म्हणून लगेच शेजारणीला फोन करू नये.

माझा स्वतःचा कौल सांगायचा तर दोनच: पातळ मेरिनो, नाहीतर एरी रेशीम. एरी ईशान्य भारतातलं. त्याचा कोष एका टोकाला उघडा, म्हणून त्याचा अखंड धागा निघत नाही. ते कापसासारखं काततात. त्यामुळे रेशमाची झळाळी कमी आणि लोकरीसारखी ऊब जास्त. स्टोल ७० सेंटिमीटर बाय दोन मीटरचा आणि दीडशे-दोनशे ग्रॅमचा पुरे. मीटरभर रुंदीची पूर्ण शाल लोकलमध्ये नेऊ नये. तिच्या दशा शेजारच्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकतात आणि मुलुंडला तो उतरतो तेव्हा आपल्यालाही उतरावं लागतं.

सत्काराची शाल हे वेगळंच प्रकरण. ती डझनावर मिळते, चकचकीत जरीकाठी पॉलिएस्टर, मे महिन्यात बिनपंख्याच्या व्यासपीठावर पांघरली जाते आणि नारळ हातात पडेपर्यंत खांद्यावरून घसरते. धागा गुळगुळीत, पकड शून्य. सत्कारमूर्ती एका हाताने नारळ, दुसऱ्या हाताने पुष्पगुच्छ आणि हनुवटीने शाल सावरत हसतात, तो फोटो प्रत्येक घरात आहे. या शालींवर मी वरची एकही परीक्षा लावत नाही.

चांगली शाल मात्र घेतल्यावर जपावी लागते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. कोमट पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि मशीनमधून दोन मीटरच्या शालीऐवजी टेबलमॅट निघतो. गार पाण्यात रिठा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, आडवी पसरून सावलीत वाळवायची. कसर, म्हणजे लोकर खाणारी अळी, लागते ती मळक्या शालीला आधी, घामाच्या आणि सांडलेल्या चहाच्या डागांना. म्हणून धुऊनच ठेवावी, जुन्या धोतराच्या तुकड्यात. प्लास्टिकमध्ये ठेवली तर आपल्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली. आणि कसर लागलीच, तर मात्र प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून एक-दोन आठवडे उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, ओल बाहेरच्या बाजूला धरू द्यावी. पिशवीवर 'शाल' असं ठळक लिहून ठेवा. नाहीतर ठाण्याच्या घरात फ्रीजरमधली लांबट पिशवी सुरमईचीच समजून कुणीतरी मसाला वाटायला घेतो.