डावं मार्जिन

दोन मिलिमीटर. सहा वर्षं घासून लिहिलेला माझा थिसिस काल दोन मिलिमीटरपायी परत आला. नियमावलीत डावं मार्जिन दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. माझं ३६ भरलं. पाच प्रती, काळं हार्ड बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आणि आत सगळीकडे दोन मिलिमीटरची खोट.

ही खोट शोधून काढणारे गृहस्थ खिडकीपलीकडे बसतात. चष्मा कपाळावर, हातात प्लॅस्टिकची फूटपट्टी. तिचं टोक इतकं झिजलेलं की शून्याचा आकडा दिसतच नाही. त्यांनी प्रत उघडली, पान सपाट दाबलं, पट्टी कडेला लावली आणि वैद्य नाडी बघताना करतो तसा चेहरा केला. मग दुसरं पान. मग मधलंच एखादं, मला बेसावध गाठायला.

"छत्तीस," ते म्हणाले.

माझ्यातली संशोधक उसळली. मापनातल्या त्रुटींवर मी अख्खं तिसरं प्रकरण लिहिलंय! "पट्टीचं टोक झिजलंय, त्यामुळे चुकतंय," मी म्हटलं.

"पट्टी ऑफिसची आहे, मॅडम."

पुढे तावातावाने बोलणार तेवढ्यात डोक्यात गणित झालं. टोक झिजलं असेल तर पट्टी जास्त दाखवते, म्हणजे खरं मार्जिन छत्तीसपेक्षाही कमी. मी गप्प बसले. सहा वर्षांच्या शिक्षणाचा हा पहिला थेट उपयोग.

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी ऋणनिर्देश वाचायला घेतला. नीट, ओठ हलवत. माझा थिसिस मन लावून वाचणारा हा पहिलाच माणूस, हे कबूल करायला हवं. गाईड सरांनी चौथं प्रकरण आठ महिने ठेवून घेतलं आणि परत दिलं तेव्हा त्यावर एकच खूण होती: पान ११२, पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह. कोणत्या ओळीपुढे, तेही कळेना. दोन ओळींच्या मधोमध. मी दोन्ही ओळी बदलल्या. सर म्हणाले, आधीचंच बरं होतं.

"आईवडील दुसऱ्या पानावर टाकलेत?" खिडकीतून विचारणा झाली.

"ओघात आले."

"आणि गाईड पहिल्या ओळीत. बरोबर आहे. सही त्यांची लागते."

"विषय काय?" हा प्रश्न येणारच होता. मुंग्या रांगेत कशा चालतात, असं मी सांगितलं. त्यांनी शीर्षकावरून बोट फिरवलं, पानांची जाडी चिमटीत धरून पाहिली. "एकीच्या मागे एक चालतात. एवढं लिहायला अडीचशे पानं?"

तसं पाहिलं तर माझा विषय तेवढाच आहे. मुंगी जमिनीवर गंध सोडते, मागची तो हुंगत जाते. पण लष्करी मुंग्यांच्या बाबतीत कधीकधी गंमत होते: रांगेचं तोंड तिच्याच शेपटाला मिळतं आणि सगळ्या गोल फिरत राहतात, बऱ्याचदा मरेपर्यंत. विल्यम बीबी या निसर्ग-अभ्यासकाने १९२१ मध्ये असं एक वर्तुळ नोंदवलं. परीघ १२०० फूट, एका मुंगीला एका फेरीला अडीच तास. माझी फेरी याहून मोठी. वाङ्मयचौर्याचा अहवाल ग्रंथालयाकडून, ग्रंथालयाला आधी विभागाचं पत्र, विभागाला सरांची सही, आणि सर म्हणतात आधी अहवाल दाखव. त्या अहवालात माझी चौदा टक्के चोरी निघाली. नऊ टक्के माझ्याच छापलेल्या पेपरमधून. मी माझ्याच घरी दरोडा घातला होता.

क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी सौरमालेतल्या धुळीवरची पीएच.डी. १९७४च्या सुमारास अर्धवट सोडली आणि २००७ मध्ये पूर्ण केली. हे उदाहरण मला प्रत्येक सेमिनारमध्ये धीर द्यायला ऐकवतात. अहो, मधल्या काळात तो माणूस स्टेडियम भरवत होता! माझी फेलोशिप मागच्या वर्षीच संपली. आता घरी पैसे मागताना मी तिशी ओलांडलेली आहे, आणि बरोबरचे सगळे 'झालं का गं तुझं?' एवढंच विचारतात. त्या 'गं'मधली कणव मला सहन होत नाही. खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नाही. मीही स्वतःला तेच विचारते, फक्त 'गं' न लावता.

खिडकीतल्या गृहस्थांनी पाचही प्रती माझ्याकडे सरकवल्या आणि आवाज खाली आणला. "मॅडम, एक विचारू? माझ्या घरी ओट्यावर मुंग्या फार येतात. काही उपाय?"

मी फुलले. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या विषयातलं विचारत होतं. गंधाचा माग, तो किती वेळ टिकतो, तुटला की रांग कशी विस्कटते, सगळं सांगितलं. मागे उभा असलेला मुलगा घड्याळ बघायला लागला तरी थांबले नाही. "म्हणजे, रांग जिथून येते ती जागा साबणाच्या पाण्याने पुसून टाका," मी समारोप केला.

"ते बायको रोज करते," ते म्हणाले, आणि त्या मुलाचं मार्जिन मोजायला घेतलं.