मेकफाईलमधली टॅब अन् पोरांची दुपार

राजेहो, नागपुरात दरवर्षी इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात आणि दरवर्षी तेच. सी भाषेतल्या चार-पाच फाईली, कुठून तरी उचललेली मेकफाईल (म्हणजे कोणती फाईल कुठल्या कमांडनं बनवायची हे ‘मेक’ या प्रोग्रामला सांगणारी फाईल) आणि स्क्रीनवर ‘मिसिंग सेपरेटर’. यावरून कोणाला काय कळणार? कमांडच्या ओळीआधी टॅब हवी होती, एडिटरनं स्पेस टाकल्या. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं! पोरगं बिचारं अख्खी दुपार कोडमध्ये चूक शोधतं.

मेक १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. टॅबचा घोळ तेव्हाच लक्षात आला होता, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते. त्यांचं बिघडू नये म्हणून तसंच ठेवलं. डझनभर! आणि भोगतंय कोण?

टॅबचं एकदा कळलं की सुटतं तरी. हेडरचं, म्हणजे अनेक सी फाईली मिळून वापरतात त्या व्याख्यांच्या फाईलचं, त्याहून वाईट. काय पुन्हा कंपाईल करायचं हे ठरवायला मेक पाहतं की कोणती फाईल शेवटी कधी बदलली. मेकफाईलच्या नियमात हेडर लिहिलंच नसेल, तर ते बदललं तरी जुनीच ऑब्जेक्ट फाईल (आधी कंपाईल होऊन पडलेली) जोडली जाते. हेडरमधल्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या साच्यात, एक फील्ड वाढवलं की प्रोग्राम भलतीकडेच कोसळतो. मग सीनियरचा सल्ला, ‘मेक क्लीन मारून पाय.’ म्हणजे बनलेलं सगळं पुसून पुन्हा बनव. काहून? जीसीसी या कंपायलरला -एमएमडी हा पर्याय द्या, त्यानं तयार झालेल्या डी फाईली (कोणती फाईल कुठल्या हेडरवर अवलंबून आहे त्याच्या याद्या) मेकफाईलमध्ये इन्क्लुड करा, झालं. पण प्रॅक्टिकलच्या वहीत सगळ्या फाईली एकाच कमांडमध्ये कंपाईल करणं, एवढंच. शिकवा ना बाप्पा हे, लॅबच्या एका तासाचं तर काम आहे!