अमेरिकेचं आयुर्मान बाहेरच्यांमुळे घसरलं? आकडे नीट बघा

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय, की अमेरिकेचं आयुर्मान २०१४ ला ७८.९ वर्षं होतं ते २०१७ ला ७८.६ झालं, कारण गरीब देशातले आजारी लोक तिथे येऊन बसले. आकडे बरोबर आहेत, कारण साफ चुकीचं.

घसरण झाली त्यात मोठा वाटा ड्रग्जच्या ओव्हरडोसचा, फेंटानिलसारख्या ओपिऑइड्सचा, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या वेदनाशामक औषधांचा. तरुण, मधल्या वयाची माणसं गेली आणि त्यात बहुतेक तिथेच जन्मलेली. २०२१ ला तर एका वर्षात लाखाच्या वर गेली हो.

आणि बाहेरून आलेले? हेंडी आणि हो या संशोधकांनी २०१७ चा हिशोब मांडलाय, परदेशात जन्मलेल्या पुरुषांचं आयुर्मान ८१.४ आणि बायकांचं ८५.७, म्हणजे तिथे जन्मलेल्यांपेक्षा सहा-सात वर्षं जास्त. हे लोक नसते तर देशाचा आकडा अजून खाली गेला असता.

"आजारी येतात" म्हणणाऱ्यांनी आमच्या घरात बघावं. वडील साताऱ्याहून तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी म्हणून आले, चार भावांत जो धडधाकट तोच आला, पाठीवर पोती उचलायची होती ना, दम्याचे काका गावीच राहिले. देश सोडून जाणाऱ्यांचंही असंच असतं, ज्याच्या अंगात ताकद तो निघतो.

यावर एकजण म्हणाले, म्हातारपणी गावी परत जातात, मग मरण तिकडे मोजलं जातं. हे होतं, आमच्या लाइनीतले कितीतरी माथाडी रिटायर होऊन गेले. पण १९९९ च्या एका अभ्यासात क्युबाहून अमेरिकेत आलेले तपासले, त्यांना परत जाणं जवळपास अशक्यच होतं, तरी त्यांच्यात मृत्यू कमीच निघाले.

"जवान पोरं आली की आकडा आपोआप वाढतो" हेही नाही. आयुर्मान म्हणजे लोकांचं सरासरी वय नव्हे, प्रत्येक वयात किती मरतात त्यावरून ते काढतात. विशीतली लाखभर पोरं आली आणि ती तिथल्या विशीतल्यांइतकीच मरत असतील तर आकडा जागचा हलत नाही. हजारी मृत्यूदर, म्हणजे दर हजार लोकांमागे वर्षाला किती मेले तो आकडा, मात्र जवान पोरं आली की खाली येतो, कतार आणि यूएईचा म्हणूनच इतका कमी दिसतो, लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंडमध्ये दहातले जवळपास तीन जण बाहेर जन्मलेले, आणि आयुर्मान दोन्हीकडे ८३ च्या आसपास. फॉरवर्डमध्ये त्यांचं नाव का नाही ते टाकणाऱ्याने सांगावं.