एकच पॅकेज-फोल्डर सगळ्या पायथॉनना? नाही चालत

सध्या एक युक्ती खूप फिरते आहे: ‘पायथॉनच्या दर नव्या आवृत्तीत तीच पॅकेजं पुन्हा कशाला टाकायची? पिप या पॅकेज टाकणाऱ्या साधनाच्या टार्गेट पर्यायाने एकदाच एका फोल्डरमध्ये टाका, पायथॉनपाथमध्ये (मॉड्यूल कुठे शोधायचे ते पायथॉनला सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) त्याचा पत्ता द्या, ३.१० ते ३.१३ सगळ्यांना चालेल. डेबियन लिनक्सही हेच करतं.’ दोन-चार लहान पॅकेजांवर करून पाहिलं तर ते खरंही वाटतं.

‘पायथॉन कोड कुठेही पायथॉन कोडच.’ शुद्ध पायथॉन पॅकेजांपुरतं हे बरंचसं मान्य. पायसी फाइली (पायथॉन कोडवरून आपोआप बनवतं त्या) एकमेकींवर चढतात हा नेहमीचा आक्षेपही चुकीचा आहे, ३.२ पासून त्यांच्या नावातच आवृत्ती असते. अडतं ते सी भाषेत लिहून कंपाइल केलेल्या भागावर, म्हणजे सी-एक्स्टेन्शनवर. ३.११ ने टाकलेल्या नमपाय या गणिती पॅकेजच्या एसओ (कंपाइल केलेल्या) फाइलीच्या नावात ‘सीपायथॉन-३११’ असतं. ३.१२ शोधतं ‘सीपायथॉन-३१२’, ती सापडत नाही आणि सी-एक्स्टेन्शन इम्पोर्ट झालं नाही असा लांबलचक एरर येतो. फाइलीचं नाव बदलून फसवू नका: आतला एबीआय (कंपाइल झालेला भाग पायथॉनशी जोडला जाण्याची पद्धत) वेगळा, त्यामुळे एरर जाऊन कधी थेट क्रॅश पदरात पडतो. ‘एबीआय३’ शिक्क्याच्या फाइली अनेक आवृत्त्यांत चालतात, क्रिप्टोग्राफी पॅकेज तसंच येतं. पण नमपाय तसं येत नाही.

मग त्याच फोल्डरमध्ये ३.१२ नेही टाकलं तर? टार्गेट पर्याय वापरल्यावर पिप आधीचं पॅकेज दिसताच इशारा देतं आणि जुनंच ठेवतं. अपग्रेड जोडलं तर जुना फोल्डर काढून नवा ठेवतं, म्हणजे आता ३.११ बंद. दोन्ही एसओ फाइली शेजारी नांदतच नाहीत.

‘एकदा टाकलं की सगळ्या डिपेन्डन्सी (त्याला लागणारी इतर पॅकेजं) आल्या.’ आल्या, पण ज्या आवृत्तीने टाकल्या तिच्यापुरत्या. पायटेस्ट या चाचणीच्या पॅकेजला टॉमली आणि एक्सेप्शनग्रुप ही दोन पॅकेजं ३.११ च्या खालीच लागतात, तशी अटच त्याच्या मेटाडेटात आहे. ३.११ ने टाकलं तर पिप ती आणतच नाही. तोच फोल्डर ३.१० ला दाखवा: मॉड्यूल सापडत नाही. पॅकेज बरोबर, पायथॉन बरोबर, तरी एरर. यात तासन्‌तास जातात.

‘पायथॉनपाथ निरुपद्रवी आहे.’ अजिबात नाही. तो स्टँडर्ड लायब्ररीच्या (पायथॉनसोबतच येणाऱ्या मॉड्यूलांच्या) आधी तपासला जातो. जुन्या पॅकेज-यादीतून ‘ईनम३४’ (ईनम मॉड्यूलचं जुन्या पायथॉनसाठीचं रूप) त्या फोल्डरमध्ये शिरलं, तर ३.६ पासूनच्या प्रत्येक पायथॉनला ईनम म्हणून तेच मिळतं आणि इंटफ्लॅगसारखी नवी नावं त्यात नसल्याने ‘आरई’ हे पायथॉनचं मूळ मॉड्यूलसुद्धा इम्पोर्ट होत नाही. मग पिपही चालत नाही, म्हणजे दुरुस्तीचं हत्यारच गेलं. आधी पायथॉनपाथ अनसेट करा.

डेबियनचं म्हणाल तर तिथे सामाईक फोल्डर आहे खरा, पण चालू आवृत्त्यांसाठीच्या एसओ फाइली वेगवेगळ्या बिल्ड करून पॅकेजमध्ये भरलेल्या असतात. ते काम पॅकेज सांभाळणारे करतात, पिप नाही.

राहिली जागेची गोष्ट, आणि ती तक्रार रास्त आहे. वाटून घ्यायचं ते कॅश (डाउनलोड झालेल्या फाइलींचा साठा), इन्स्टॉल झालेला फोल्डर नव्हे. पिपचा कॅश डाउनलोड वाचवतो. यूव्ही हे पिपसारखंच साधन कॅशमधून हार्डलिंक किंवा क्लोन करतं, म्हणजे पूर्ण प्रत न करता तीच फाइल वापरतं, त्यामुळे तेच व्हील (तयार पॅकेज-फाइल) पाच एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथॉनच्या वेगवेगळ्या फोल्डरांत) असलं तरी डिस्कवर जवळपास एकदाच. अट एवढीच की कॅश आणि एन्व्हायर्नमेंट एकाच फाइलसिस्टमवर हवीत, नाहीतर ते गुपचूप नाही, इशारा देऊन कॉपी करतं. हार्डलिंक असेल तर एन्व्हायर्नमेंटच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमधली फाइल हाताने बदलू नका; कॅशमधलीही बदलते.

नव्या आवृत्तीवर जाताना जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पिप लिस्ट’ नॉट-रिक्वायर्ड पर्यायासह चालवा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या डिपेन्डन्सी म्हणून न आलेली पॅकेजं दिसतील. ती फाइलीत लिहा, नव्या पायथॉननेच व्हेन्व (नवं एन्व्हायर्नमेंट) बनवा, त्यात ती यादी टाका. ‘पिप फ्रीझ’ची पूर्ण यादी (सगळी पॅकेजं, नेमक्या आवृत्त्यांसह) नेऊ नका: तिच्यात नमपाय १.२४ पिन (तीच आवृत्ती पक्की) असेल तर ३.१२ साठी त्याचं व्हीलच नाही, पिप सोर्समधून बिल्ड करायला जाईल आणि तिथेच पडेल. ३.१२ ला १.२६ पासून पुढचं लागतं.