मुफासा आणि स्कार सख्खे भाऊ, हे ठरवलं कुणी?

एकाच आठवड्यात तोच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला: नातेवाइकांच्या, शाळेतल्या पालकांच्या आणि गल्लीतल्या भिशीच्या. ‘मुफासा’ या चित्रपटाने ‘द लायन किंग’ या डिस्नेच्या सिंहांच्या चित्रपटाची गोष्टच खोटी पाडली, असं वर ठळक अक्षरांत आणि खाली पाच चुका. राजा मुफासा आणि त्याचा जीव घेणारा स्कार हे दोन सिंह सख्खे भाऊ होते, आता मुफासा पुरात वाहून आलेलं पोर निघालं. तो राजघराण्यातला नाही, मग ताऱ्यांतून बघणारे राजे कुणाचे? स्कारचं ‘टाका’ हे जुनं नाव आणि त्याच्या डोळ्यावरच्या व्रणाची कथा आत्ता घुसडली. एवढा दगा दिलेल्याला मुफासा जवळ ठेवेल कसा? आणि असा दगाबाज गादीचा वारस कसा?

आम्ही हा चित्रपट डिसेंबर २०२४ मध्ये, तो आला त्याच आठवड्यात, इथे सोलापुरात हिंदीत पाहिला. मुफासाला शाहरुख खानचा आवाज, राफिकीला मकरंद देशपांड्यांचा, टिमॉनला श्रेयस तळपदेचा. माझी नऊ वर्षांची मुलगी बाहेर पडली तीच डोळे पुसत. तिने हा मजकूर माझ्या फोनवर वाचला आणि विचारलं, “आई, मग आपला अण्णामामा खरा मामा नाही का?”

म्हणून हे लिहायला बसले.

आधी एक गोष्ट नीट करू. हा चित्रपट कशाच्या आधीची गोष्ट सांगतो? मजकूर लिहिणाऱ्याने दोन ‘लायन किंग’ एकत्र कालवलेत. पहिला १९९४ चा, हाताने काढलेल्या चित्रांचा, रॉजर अ‍ॅलर्स आणि रॉब मिंकॉफ यांनी दिग्दर्शित केलेला. दुसरा २०१९ चा, जॉन फॅव्हरोचा, जनावरं खरी वाटावीत असा संगणकावर घडवलेला. बॅरी जेन्किन्सचा ‘मुफासा’ या दुसऱ्याच्या आधीची गोष्ट आहे. २०१९ चा आणि २०२४ चा, दोन्हींची पटकथा जेफ नॅथनसनचीच. तेव्हा चूक शोधायची तर या दोघांत शोधावी लागेल.

२०१९ च्या चित्रपटात तशी शोधायला गेलं की उलटंच काही हाती लागतं. स्कार मुफासाला म्हणतो की तुला पुन्हा आव्हान द्यायचं माझ्या स्वप्नातही नाही. ‘पुन्हा’ म्हणजे आधी कधीतरी दोघं भिडलेले आहेत. १९९४ मध्ये हा ‘पुन्हा’ नव्हता. पुढे तो साराबीला, म्हणजे मुफासाच्या राणीला, ऐकवतो की फार पूर्वी तू मला सोडून मुफासाला निवडलंस. नव्या चित्रपटात टाकाचं मन साराबीवर बसतं, तिचं मुफासावर, आणि टाका कायमचा फिरतो तो तिथून. गाठ पाच वर्षं आधीच मारून ठेवली होती.

आता सख्खेपणा. इंग्रजीत ते ‘ब्रदर’ म्हणतात, हिंदीत ‘भाई’. दोन्ही शब्द कूस विचारत नाहीत. ‘सख्खा’ हा आपला शब्द, तो मजकूर लिहिणाऱ्याने मध्ये आणून बसवला आणि मग चित्रपट त्याला खोटा ठरवतो म्हणून तक्रार केली. १९९४ मध्ये स्कार आपल्या अंगात ताकद कमी आली याबद्दल रक्ताच्या वारशावर बोट ठेवून एक टोमणा मारतो, तो मात्र सख्ख्या भावाचाच वाटतो, हे मी मान्य करते. त्या जुन्या चित्रपटाशी इथे खरोखर जुळत नाही.

पण नव्या चित्रपटात भाऊपण कसं उभं राहतं ते बघा. पुरातून आलेल्या पिल्लाला टाका आणि त्याची आई एशे वाचवतात. टाकाचा बाप ओबासी राजा आहे आणि त्याला परकं पोर नको आहे. तो दोघांची शर्यत लावतो आणि टाका मुफासाला जिंकू देतो, कारण त्याला भाऊ हवा आहे. बाप नाही म्हणत असताना त्या आईने पदरात घेतलेलं ते पोर आहे. पुढचा सगळा दगा जिव्हारी लागतो तो यामुळेच. ज्याने तुला भाऊ म्हणून मागून घेतलं, तोच पुढे ‘लायन किंग’मध्ये तुला कड्यावरून सोडून देतो. सख्ख्या भावांच्या भांडणात हे दुःख आलं नसतं.

आमच्या शेजारच्या घरात दोन माग होते. पहाटेपासून त्यांचा खडखडाट चाले. त्या घरातल्या मुलाचे आईवडील वर्षभराच्या आत एकापाठोपाठ गेले, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. माझ्या आईने त्याचं ताट आमच्या ताटांशेजारी मांडलं, ते परत उचललं नाही. त्याची बोली तेलुगू, आमची मराठी. आम्ही त्याला अण्णा म्हणायला लागलो, आणि सोलापुरात हा शब्द मराठीला, तेलुगूला, कन्नडला सगळ्यांना पुरतो, सगळीकडे अर्थ थोरला भाऊच. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांची मिरवणूक मी त्याच्या खांद्यावर बसून पाहिली आहे. भाऊबीजेला मी त्याला ओवाळते. त्याचं आडनाव वेगळं आहे हे माझ्या मुलीला आत्तापर्यंत कधी लक्षातही आलं नव्हतं.

म्हणून पहिला मुद्दा मला इतका लागला.

आणि खऱ्या सिंहांकडे गेलं तरी तो टिकत नाही. कळपात जन्मलेला नर दोन-तीन वर्षांचा झाला की त्याला घर सोडावं लागतं. राज्य बापाकडून मुलाकडे जात नाही, बाहेरून आलेले नर ते मिळवतात. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सिंहांच्या नोंदी ठेवल्या. नरांचे मोठे गट जवळच्या नात्यातले असतात, पण दोघा-तिघांच्या छोट्या गटांत रक्ताचं काही नातं नसलेले नरही एकत्र राहतात, एकमेकांसाठी लढतात. बाहेरून आलेला मुफासा आणि त्याच्याबरोबर एक मानलेला भाऊ, हे चित्र जंगलाला जास्त धरून आहे.

ताऱ्यांतले राजे. मुफासा आपल्या मुलाला, सिंबाला म्हणतो की हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं, होऊन गेलेले थोर राजे ताऱ्यांतून आपल्याकडे बघतात. यात ‘माझे वडील राजे होते’ हे कुठे आहे? शिवरायांच्या गोष्टी सांगणारी प्रत्येक आई काही भोसल्यांच्या घरातली नसते. मुफासाचा बाप मासेगो, त्याला मुलाला राजांच्या गोष्टी सांगायला स्वतः राजा असण्याची गरज नव्हती. शिवाय मुफासा राजा होतो तो वंशावर नाही. किरोस या शत्रू सिंहाविरुद्ध तो मिलेले या प्रदेशातल्या सगळ्या प्राण्यांना एकत्र उभं करतो आणि ते त्याला राजा मानतात.

टाका हे नाव आत्ताचं नाही. १९९४ मध्येच चित्रपटासोबत मुलांसाठी पुस्तकं निघाली होती. त्यातल्या एकात स्कारचं मूळ नाव टाका आहे आणि व्रण रेड्यामुळे झालेला आहे. पुढे दूरचित्रवाणीवरच्या ‘द लायन गार्ड’ मालिकेत तोच व्रण नागाच्या चाव्याचा झाला. म्हणजे व्रणाची एकच पक्की कथा कधी नव्हतीच. नव्या चित्रपटात तो किरोसच्या पंज्याचा आहे, मुफासावरचा वार टाकाने शेवटच्या क्षणी स्वतःवर घेतला म्हणून. तिन्हींत मला हीच कथा आवडते. ज्याच्यावर आयुष्यभर जळायचं, त्याला वाचवताना मिळालेली खूण तोंडावर वागवत तो फिरतो.

दगा देऊनही जवळ कसा ठेवला, याचं उत्तर तर २०१९ मध्येच देऊन ठेवलंय. राजाचा कारभारी पक्षी झाझू स्कारबद्दल म्हणतो की याला कधीच हाकलायला हवं होतं. मुफासा म्हणतो, तो माझा भाऊ आहे, हे त्याचं घर आहे, मी राजा असेपर्यंत हे बदलणार नाही. नव्या चित्रपटाच्या शेवटी मुफासा टाकाला राहू देतो, पण यापुढे तुझं नाव घेणार नाही म्हणतो, आणि तेव्हा तो स्वतःच स्वतःला स्कार म्हणवून घेतो. दोन्ही प्रसंग एका मापाचे आहेत.

राहिला वारस. सिंबा जन्मेपर्यंत गादीसाठी माझाच नंबर होता असं स्कार म्हणतो. ज्याचं नाव तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं, त्यालाच पुढचा राजा म्हणून कसं ठेवलं, हे नवा चित्रपट सांगत नाही. तिथे शिवण उसवलेली दिसते. पाचवी चूक खरी आहे, ती असू द्या.

तीनही ग्रुपांवर मी एवढंच लिहिलं: पाचवा मुद्दा ठेवा, पहिला काढा. भिशीच्या ग्रुपवर पाठवणाऱ्या ताईंनी तो काढला आणि मजकूर पुन्हा टाकला. मुलीला मी काही समजावलं नाही. रविवारी अण्णा शेंगाचटणी घेऊन आला, तेव्हा तिने दारातच त्याला विचारलं, “अण्णामामा, तू आईला शर्यतीत जिंकू दिलं होतंस का?”

तो म्हणाला, “सायकलच्या. दर वेळी.”